पडदा लहान चालेल, शब्द कळू देत : मैफलीचं थेट प्रक्षेपण दाखवणाऱ्या मंडळांना खुलं पत्र

प्रति,
गोव्यातल्या फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे आणि बाकीच्या तालुक्यांतल्या देवस्थान समित्या, सांस्कृतिक मंडळं, वाचनालयं आणि त्यांचे माइकवाले यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या शनिवारी रात्री ८ वाजता मुंबईच्या नाट्यगृहातून आपल्या लाडक्या गायकाची ती मैफल इंटरनेटवरून थेट दाखवणार आहेत, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हॉलात पडदा लावून ती अख्ख्या गावाला दाखवायचं ठरवलंय, हे ऐकल्यापासून आमचे पाय जमिनीवर नाहीत. नवी गाणी येऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तोवर कदंबच्या बसमध्ये पोरं ती गुणगुणायला लागलीत. गायकाचं नाव या पत्रात मुद्दाम घेत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, आणि त्याच्या कौतुकाला वेगळा कागद लागेल. हा कागद तुमच्या स्पीकरसाठी आहे.

हा माणूस स्वतः लिहितो, स्वतः चाल बांधतो, स्वतः गातो. या खेपेला त्यानं वाद्यं फार कमी ठेवलीत. एका गाण्यात तर पहिली दोन मिनिटं नुसती गिटार आणि आवाज, आणि कडव्याच्या शेवटी आवाज इतका खाली येतो की ओळ संपायच्या आधी त्याचा श्वास ऐकू येतो. हेडफोनवर हे फार सुंदर लागतं. घुमणाऱ्या सभामंडपात, दोन मोठ्या बेसच्या डब्यांवर हेच गाणं लावलं तर उरतो फक्त हुंकार. ओळीतला शब्द समजला नाही तर या गाण्यांत ऐकण्यासारखं फारसं राहत नाही, कारण ठेका धरून वेळ मारून न्यावी असं त्यांत काही ठेवलेलंच नाही.

म्हणून मागणं एकच आहे. शेवटच्या रांगेत बसलेल्या आजीला प्रत्येक ओळ कळली पाहिजे. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं एवढ्यासाठी.

आधी जागा. मैफल अडीच तासांची म्हणजे साडेदहा वाजणार. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सभागृह, समाजमंदिर अशा बंद जागेत, आतल्या माणसांपुरता चालतो. रात्री १२ पर्यंतची सूट असते ती सरकारनं ठरवलेल्या मोजक्या दिवसांना, वर्षाला जास्तीत जास्त १५, आणि आपला शनिवार त्यांत असेल असं धरून चालू नका. तेव्हा देवळासमोरचा मंडप नको. शिवाय पावसाचे दिवस. पत्र्याच्या मंडपावर सर आली की पडद्यावर माणूस ओठ हलवताना दिसतो, बस. अशा वेळी माइकवाला आवाज चढवतो, सर ओसरल्यावर तो चढलेलाच राहतो, आणि पुढच्या रांगेतली माणसं कानात बोटं घालून बसतात. देवळाची कौलारू अग्रशाळा (धर्मशाळा) असेल तर ती घ्या, किंवा वर स्लॅब असलेला हॉल घ्या. पत्र्याशिवाय इलाजच नसेल तर पत्र्यांच्या वीतभर वर ताडपत्री ताणून बांधा. थेंब आधी ताडपत्रीवर फुटतो आणि खालचा ताशा बराच कमी होतो. ताडपत्री पत्र्याला टेकली तर मात्र उपयोग नाही.

बंद हॉल म्हणजे उकाडा, आणि उकाडा म्हणजे पंखे. पंखे बंद करा असं गोव्यात कुणी सांगू नये. पण पाचवर घरघरणारा पंखा तीनवर आणला तर हवा थोडी कमी होते आणि आवाज खूपच कमी होतो. भिंतीवरचा खडखडणारा पंखा असतो ना एक, प्रत्येक हॉलात असतो, तो शुक्रवारीच काढून ठेवा.

आता परवानगी, थोडक्यात. प्रक्षेपणाचं घरगुती तिकीट हे एका घरापुरतं असतं. ते काढून दोनशे जणांना दाखवणं हे सार्वजनिक प्रदर्शन झालं, मग तुम्ही प्रवेश फुकट ठेवा नाहीतर देणगी घ्या. प्रक्षेपण करणाऱ्यांना ईमेल करून हॉलचं नाव, खुर्च्यांचा आकडा आणि प्रवेशमूल्य आहे की नाही हे कळवा आणि लेखी परवानगी मागा. गीतकार-संगीतकारांच्या हक्काचे पैसे गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, सार्वजनिक ठिकाणी गाणी वाजवायचा परवाना तिच्याकडे मिळतो. पण तो परवाना म्हणजे प्रक्षेपण दाखवायची परवानगी नव्हे, ती प्रक्षेपकाकडूनच यावी लागते. २०१२ च्या कायदादुरुस्तीनं गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला. इथं तर दोन्ही एकच माणूस आहे. त्याच्यावर जीव आहे म्हणून जमायचं आणि त्याचेच पैसे बुडवायचे, हे बरं दिसत नाही.

आणि तिकीट ज्याच्या नंबरावर काढलंय तो माणूस, त्याच्या फोनसकट, शनिवारी ६ वाजता हॉलात हजर पाहिजे. लॉगिनला ओटीपी लागतो. तो साखळी गावी कुणाच्या साखरपुड्यात बसलेल्या खजिनदाराच्या खिशात आला तर इथं दोनशे माणसं गोल फिरणारं चाक बघत बसतील.

आता मुख्य विषयाकडे वळू : लॅपटॉपमधून निघालेला आवाज मिक्सरपर्यंत कसा न्यायचा. सगळ्यात जास्त गडबड इथंच होते, आणि तीही अशी की तंत्र न जाणणाऱ्याला दोष गायकाचाच वाटतो.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून डावा आणि उजवा असे दोन आवाज एकाच पिनेतून बाहेर येतात. त्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर दोन काळी कडी दिसतील : टोक डावा, मधला भाग उजवा, मागचा भाग दोघांचा सामाईक. मिक्सरच्या मोठ्या भोकात जाणाऱ्या जाड पिनेवरही तशीच दोन कडी असतात, पण मिक्सर त्यांचा अर्थ वेगळा लावतो. त्याच्या लेखी तो एकच आवाज असतो, एकदा सुलटा आणि एकदा उलटा, आणि तो दोन्हींची वजाबाकी करतो. लांब वायरीत शिरलेली गुणगुण काढून टाकण्यासाठी ही युक्ती उत्तम आहे. पण तुम्ही लॅपटॉपची दोन-कडी पिन सरळ अशा भोकात खुपसलीत तर मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. गायकाचा आवाज नेहमी मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे डावीकडे जितका तितकाच उजवीकडे. वजाबाकी शून्य. गिटारचा खण्णकारा राहतो, टाळ्या राहतात, घुमारा राहतो आणि गाणारा गायब होतो. मग माइकवाला मधल्या पट्टीचं बटण पिळत बसतो, आणि मागून कुणीतरी म्हणतं, याचा आवाज बसलाय वाटतं.

उपाय वीस सेकंदांचा आहे. एका बाजूला ३.५ ची स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन स्वतंत्र जाड मोनो पिना अशी वाय आकाराची वायर कुठल्याही इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात मिळते. मोनो पिनेवर एकच कडं असतं, दुकानात मोजून घ्या. त्या दोन पिना मिक्सरच्या दोन वेगवेगळ्या लाइन इनपुटांत, एक डावीकडे वळवलेला, दुसरा उजवीकडे. हॉलची यंत्रणा जुनी, एकाच आवाजाची असेल तर दोन्ही चॅनल मधोमध ठेवा, पण दोन्ही जोडा. एकच पिन लावून काम भागवलं तर उजव्या बाजूला ठेवलेली गिटार ऐकूच येणार नाही. आणि माइकच्या भोकात ही पिन घालू नका. तिथं माइकचा नाजूक आवाज शंभरपटींनी वाढवायची सोय असते, लॅपटॉपचा दणकट आवाज त्यात फाटतो. त्या भोकाला ४८ व्होल्टचं बटण असेल तर ते बंदच ठेवा.

गाणारा गायब व्हायचा दुसरा रस्ताही सांगून ठेवतो. काही प्रक्षेपणं पाच-अधिक-एक वाहिन्यांचा, म्हणजे सहा स्पीकरांना वेगवेगळा आवाज देण्याचा पर्याय देतात. त्यात गाणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा मधल्या वाहिनीत असतो. तुमच्याकडे स्पीकर दोनच, मधला नाहीच. लॅपटॉपच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये आणि प्लेअरमध्येही 'स्टीरिओ' निवडा, आणि 'सराउंड', 'एन्हान्समेंट', 'बास बूस्ट' या नावाचं जे जे दिसेल ते बंद करा.

वायर जोडल्यावर गुणगुण ऐकू आली तर तिचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं : लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवरच्या सॉकेटात, मिक्सर दुसऱ्या भिंतीवर, दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक, आणि तो फरक ऑडिओच्या वायरीतून वाट काढतो. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी राहिली तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डीआय बॉक्स टाका, म्हणजे आवाज पुढे जातो पण अर्थिंगचा संबंध तुटतो. मंगलकार्यांचं साउंड करणाऱ्या कुठल्याही माणसाकडे तो असतो. तिसरी युक्ती म्हणजे प्लगची अर्थिंगची जाड पिन मोडणं. ती सर्रास केली जाते, गुणगुण थांबतेही, आणि ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाला मिक्सरच्या पत्र्याचा झटका बसू शकतो. पावसात हा खेळ अजिबात नको.

ब्लूटूथ नको. त्यात आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त मागे पडतो आणि ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे असं होतं. उलट प्रोजेक्टर चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतो, तेव्हा वायरीनं जोडलेला आवाज चित्राच्या आधी पोचतो, आणि आधी आलेला आवाज माणसाला जास्त खटकतो. प्रक्षेपणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तर फरक जाणवतो असं धरलंय. मागे पडला तर तो १२५ पर्यंत पटकन लक्षात येत नाही. फोनवर कुणाच्या तरी टाळीचा व्हिडिओ घ्या, लॅपटॉपवर लावा, हॉलच्या मधल्या रांगेत उभं राहून बघा. टाळी आधी ऐकू आली तर मिक्सरमधल्या डिलेनं आवाज २०-२० मिलिसेकंदांनी मागे ढकला. प्रोजेक्टरचा 'गेम मोड' चालू केला तरी बराच फरक पडतो.

माइकवाल्या मित्रांनो, आता तुमच्याशी. राग मानू नका. इको बंद. नाट्यगृहाचा घुमारा प्रक्षेपणात आधीच आहे, तुमच्या हॉलचा त्यात मिसळणारच, त्यावर यंत्राचा तिसरा नको. गायक मुंबईत गातोय, फोंड्याचा इको त्याला कशाला? सबवूफर, म्हणजे नुसत्या बेसचा मोठा डबा, असेल तर गाडीतच राहू द्या. तो दशावताराला ठीक आहे, इथं तो हॉलच्या भिंती हलवून शब्दांवर चिखल फासेल. मिक्सरवर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा. २०० ते ४०० च्या पट्ट्यात ३-४ डेसिबल कमी करा. दगडी आणि टाइल्सच्या हॉलात हाच पट्टा भुंग्यासारखा घुमतो. २ ते ४ हजारांच्या पट्ट्याला हात लावू नका. त, ट, स, च, ख यांतला फरक तिथंच राहतो.

स्पीकर स्टॅंडवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर म्हणजे साधारण दोन मीटरवर, आणि तोंड किंचित खाली. आवाज माणसांवर पडला पाहिजे. मागच्या भिंतीवर पडला तर तो तिथून परत येऊन पुढची ओळ खातो. उंच अरुंद कॉलम स्पीकर मिळाले तर सोन्याहून पिवळं, ते छताकडे फारसा आवाज पाठवत नाहीत. मागच्या भिंतीवर मंडपवाल्याचे जाड पडदे लावा, फरशीवर सतरंज्या अंथरा. रिकामा हॉल जितका घुमतो तितका भरलेला घुमत नाही, त्यामुळे शुक्रवारी ऐकून घाबरून जाऊ नका.

हॉल लांब असेल तर मागे आणखी दोन स्पीकर लावायचा मोह होतो. आवाज एका मीटरला साधारण २.९ मिलिसेकंद घेतो. स्टेजपासून १४ मीटरवर जोडी लावली तर पुढचा आवाज तिथं ४० मिलिसेकंदांनी पोचतो, मागच्या स्पीकरचा मात्र तत्काळ. परिणामी प्रत्येक शब्द दोनदा. मागच्या जोडीला ४० अधिक १० असा ५० मिलिसेकंदांचा डिले द्या. वरचे १० असे की आवाज पडद्याकडूनच येतोय असं कानाला वाटावं. मिक्सरमध्ये डिले नसेल तर मागे स्पीकरच लावू नका. खुर्च्या पुढे घ्या.

आणि माइकवाल्यानं प्रेक्षकांत बसायचं. विंगेत बसून हॉल ऐकू येत नाही.

हे सगळं जमलं की नाही हे कसं कळणार? 'हॅलो, चेक, वन टू' यानं कळत नाही. ते शब्द सगळ्यांना पाठ आहेत, निम्मे ऐकू आले तरी डोकं उरलेले भरून काढतं. त्याऐवजी शुक्रवारी संध्याकाळी हे करा. एका माणसाला फोनवर दहा शब्द रेकॉर्ड करायला सांगा, मध्ये तीन-तीन सेकंद सोडून : तार, दार, पार, फार, चार, खार, सार, वार, गार, मार. क्रम त्यानं आपल्या मनानं उलटापालटा करायचा. ती फाइल लॅपटॉपवर घ्या आणि शनिवारी मैफल ज्या वायरीतून, ज्या मिक्सरमधून जाणार त्याच रस्त्यानं वाजवा. शेवटच्या रांगेत कागद-पेन्सिल घेऊन अशा कुणाला तरी बसवा ज्यानं हे शब्द आधी ऐकले नाहीत. समितीचा माणूस नको, तो 'चांगलं येतंय' एवढंच म्हणतो. शाळेतली मुलगी बसवा. दहाही शब्दांत स्वर तोच आहे, शेवट तोच आहे, वेगळं आहे ते फक्त पहिलं व्यंजन, आणि घुमणारा हॉल नेमकं तेवढंच खातो. दहापैकी आठ बरोबर आले तर सुखानं घरी जा. सहा-सात आले तर बेस आणखी उतरवा, पंखे तपासा, परत घ्या. पाच किंवा खाली आले तर स्पीकरची जागा चुकली आहे. पुढे आणा, वळवा, खाली झुकवा. आवाज वाढवणं हा उपाय सगळ्यात शेवटी, कारण आवाजाबरोबर घुमाराही तितकाच वाढतो. मधल्या रांगेत ७५ ते ८० डेसिबल पुरेत. फोनवरचं मोजायचं ॲप दोन-चार डेसिबल इकडंतिकडं दाखवतं, तेवढं चालतं.

केरीच्या केसरबाई केरकरांचं साडेतीन मिनिटांचं गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलं. आपल्याला फक्त हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचंय.

पडद्याबद्दल थोडंच. १५० इंची पडदा म्हणजे ३.३ मीटर रुंद आणि सुमारे १.९ मीटर उंच. अंधाऱ्या हॉलात त्याला ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर बास. पडद्याची खालची कड जमिनीपासून सव्वा मीटरवर घ्या, नाहीतर मागच्यांना गायक कमरेच्या वरच दिसतो. पण एक धोका नक्की तपासा : तिकिटाच्या प्रक्षेपणाला नक्कल होऊ नये म्हणून कुलूप असतं. जुना प्रोजेक्टर व्हीजीएच्या (नुसतं चित्र नेणाऱ्या जुन्या पद्धतीच्या) वायरीनं, कन्व्हर्टर लावून जोडला किंवा मध्ये स्वस्तातला एचडीएमआय स्प्लिटर टाकला, तर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. यूट्यूबवर मात्र सगळं ठीक दिसतं, म्हणून चाचणी यूट्यूबवर घेऊन समाधान मानू नका. प्रक्षेपकाच्या स्वतःच्या पानावर चाचणीचा व्हिडिओ असेल तर तो लावून बघा. एचडीएमआयची साधी वायर १० मीटरच्या आत ठेवा. लॅपटॉप आणि मिक्सर दोन्ही प्रोजेक्टरपाशी, आणि तिथून स्पीकरपर्यंत एक्सएलआरच्या (माइकला असतात तशा तीन पिनांच्या) लांब वायरी, ही मांडणी सगळ्यांत कमी त्रासाची.

लॅपटॉपवर झोपायची वेळ 'कधीच नाही', सूचना बंद, अपडेट थांबवलेले, व्हॉट्सॲप बंद. करुण कडव्यात 'टिंग' वाजलं की अख्खा हॉल हसतो.

इंटरनेट. फुल एचडी प्रक्षेपणाला सेकंदाला ५ ते ८ मेगाबिट लागतात. फायबरवर २५ चा खरा वेग मिळत असेल तर निश्चिंत. वेग शनिवारच्याच वेळी, म्हणजे शुक्रवारी रात्री ८ ते १० मध्ये मोजा. सकाळचा वेग कामाचा नाही, रात्री सगळा वाडा मालिका बघतो. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची वायरच घ्या, वायफाय नको, आणि वायफायचा पासवर्ड त्या दिवशी बदलून ठेवा, नाहीतर दोनशे फोन त्याला चिकटतात. मोबाइल हॉटस्पॉटवर भिस्त ठेवणार असाल तर हिशेब बघा : ६ मेगाबिटनं तासाला २.७ जीबी. दिवसाला २ जीबीचा प्लॅन ४५ मिनिटांच्या आत संपतो, आणि नंतर जो वेग मिळतो त्यावर फोटोसुद्धा धड उघडत नाही. जोडणी डळमळीत वाटली तर गुणवत्ता 'ऑटो'वर न ठेवता ७२० वर बांधून टाका. चित्र किंचित मऊ दिसेल. दर दोन मिनिटांनी अडकण्यापेक्षा ते परवडलं.

वीज जाणार हे धरूनच चाला. हॉलला जनरेटर असतो, तो दहा-पंधरा सेकंदांत सुरूही होतो, तरी गाणं तीन मिनिटं बुडतं. का? तर दहा सेकंदांत राउटर आणि फायबरची ती छोटी पांढरी डबी बंद पडते, आणि पुन्हा उभं राहायला तिला दोन-तीन मिनिटं लागतात. दोन्हींना १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा, तळहाताएवढा असतो; डबीवर लिहिलेला व्होल्टेज आणि अँपिअर जुळतो ना ते पाहून घ्या. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहेच. मिक्सर आणि प्रोजेक्टर एका साध्या १ केव्हीए यूपीएसवर. पंखे आणि स्पीकर जनरेटरवर. लोडचा अंदाज : प्रोजेक्टर ३०० वॅट, बारा पंखे ९००, दोन स्पीकर सरासरी ४००, दिवे आणि किरकोळ २००. पाच केव्हीएचा जनरेटर याला आरामात पुरतो, चहाची इलेक्ट्रिक किटली त्यावर लावली नाही तर. जनरेटर हॉलपासून १५ मीटर लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, कधीही व्हरांड्यात किंवा जिन्याखाली नाही. त्याच्या धुराला वास येवो न येवो, बंद जागेत तो माणूस मारतो. आणि गावातली वीज गेली की केबलवाल्याची खांबावरची पेटीही कधीकधी बंद पडते, तेव्हा फायबरचं काही चालत नाही. म्हणून वेगळ्या कंपनीचं सिम घातलेला, भरपूर डेटाचा एक फोन हॉटस्पॉटला तयार ठेवा, खिडकीपाशी.

मध्ये अडकलंच तर पान रिफ्रेश करायची घाई करू नका, बऱ्याचदा पुन्हा ओटीपी मागतं. सुरुवातीलाच अर्धा मिनिट थांबवून मग चालू केलं तर तेवढा साठा हाताशी राहतो. थेट म्हणजे तसंही काही सेकंद मागेच असतं. घरी फोनवर बघणारा पुतण्या तुमच्या पुढे असणार आणि ग्रुपवर 'आत्ता तेच!' असं टाकणार. फोन बंद ठेवायला सांगायचं हे आणखी एक कारण.

रोस-आमलेटचा (रश्श्यातल्या आमलेटचा) गाडा बाहेर लागेलच, लागावाच. फक्त दाराच्या तोंडावर नको. तव्यावर उलथनं घासल्याचा आवाज नेमका नुसत्या गिटारच्या त्या दोन मिनिटांत आत येतो. मध्यंतर प्रक्षेपणात असेल तेवढंच. आपलं वेगळं मध्यंतर काढून सत्कार, नारळ, आभार सुरू करू नका. ते सगळं साडेसातला उरका, आणि ८ वाजता समितीच्या माइकचा चॅनल खाली ओढून ठेवा. गाणं चालू असताना 'जीए शून्य सात अमुक नंबरची गाडी काढा' ही घोषणा झाली तर त्या गाडीवाल्याला जितके शाप लागतील त्याहून जास्त तुम्हाला लागतील.

ठरलेली यादी संपल्यावर तो आत जातो आणि टाळ्या थांबल्या नाहीत तर गिटार घेऊन एकटाच परत येतो. पडद्यावर या वेळात नावांची पाटी येते, कधी नुसता काळोख असतो. मंडळाचे कार्यकर्ते नेमके तेव्हाच दिवे लावतात आणि खुर्च्या एकात एक घालायला लागतात. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा तो खडखडाट आणि शेवटचं गाणं एकाच वेळी सुरू होतं. 'प्रक्षेपण समाप्त' अशी अक्षरं दिसेपर्यंत दिवे बंद, खुर्च्या जागेवर, आणि लॅपटॉपला कुणीही हात लावायचा नाही.

आपले,
वर लिहिलेल्या गावांतले काही श्रोते, काही माइकवाले आणि एक केबलवाला